मी संगणकाला कुलूप लावतो

शेगावची कचोरी हातात असताना माणसानं दुसऱ्या कशाचाही विचार करू नये, हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण निदान आपल्या लॅपटॉपचा तरी करावा. मी केला नाही. पुण्याला भाच्याकडचा मुक्काम आटोपून आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं शेगावला उतरलो, महाराजांचं दर्शन घेतलं, कचोरी खाल्ली आणि बसनं खामगावला आलो. पायांवर पाणी घेताना माझ्या ध्यानात आलं, की काळी पिशवी कचोरीच्या दुकानातल्या बाकावरच राहिली.

मी तसाच ओल्या पायांनी खाली बसलो.

"अहो, एवढं काय झालं?" ही म्हणाली. "जुनाच तर होता. गेला तर नवीन घेऊ."

नव्या लॅपटॉपची तयारी बायकोनं आपणहून दाखवावी आणि नवऱ्याला आनंद होऊ नये, असा प्रसंग संसारात एकदाच येतो. तो माझ्यावर आला होता. कारण त्या यंत्रात पेन्शनची कागदपत्रं होती, शेताचा सातबारा होता, बँकेचे ते कोणाला सांगू नयेत असे आकडे होते, आणि ज्याचा पत्ता कोणालाच नव्हता अशी माझी अकरा वर्षांची रोजनिशी होती. त्या रोजनिशीत मी जगाबद्दल आणि नातेवाइकांबद्दल मोकळेपणानं लिहिलं आहे. मेहुण्याबद्दल तर फारच मोकळेपणानं. शिवाय काही पानं अशी, की जी मी हिलाही वाचून दाखवली नसती.

खामगाव ते शेगाव हे अंतर वीस किलोमीटरही नाही. त्या दिवशी ते मला काशीयात्रेएवढं वाटलं. दुकानातल्या माणसानं गल्ल्यामागून पिशवी काढून पुढं ठेवली.

"तुमी येसान हे मले ठाऊक होतं," तो म्हणाला. "कचोरी खाणारा माणूस पिशवी इसरते, पन रस्ता इसरत नाई."

मी आनंदानं आणखी दोन कचोऱ्या खाल्ल्या. पण मनात एक गोष्ट बसली ती बसलीच. तीन तास माझं सगळं आयुष्य एका बाकावर उघडं पडलं होतं.

रात्री भाच्याला फोन केला. हा भाचा पुण्यात संगणकाच्या धंद्यात आहे. "माझ्या लॅपटॉपला पासवर्ड आहे ना रे?" मी विचारलं.

"मामा, तो पासवर्ड म्हणजे दाराला लावलेली कडी. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, की सगळं वाचता येतं. तुम्हाला पूर्ण डिस्कच एन्क्रिप्ट करायला हवी."

म्हणजे डिस्कवरचं अक्षर न् अक्षर गूढ लिपीत जायचं. सुरू करताना आपण परवलीचं वाक्य द्यायचं, तर ते उलगडणार. नाहीतर चोराच्या हाती नुसती रांगोळीची भुकटी. भाच्यानं असंही सांगितलं, की उबंटू किंवा फेडोरा यांपैकी एखादी तयार प्रणाली घ्या, बसवतानाच एक चौकोन येतो, त्यावर बरोबरची खूण करा, अर्ध्या तासात काम होतं.

इथं मी थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण मी विज्ञानाचा मास्तर. 'स्वतः करून पाहा' हे मी तेहतीस वर्षं मुलांना सांगत आलो. मी म्हणालो, "यात सगळ्यात अवघड कुठली?"

फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग भाचा म्हणाला, "जेंटू. पण मामा, नको."

'नको' हा शब्द त्यानं उच्चारायला नको होता.

जेंटूची गंमत अशी आहे. इतर प्रणाली तयार जेवणाच्या डब्यासारख्या येतात. जेंटूत शिधा मिळतो. प्रत्येक प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, आपल्या घरी येतो आणि आपल्याच यंत्रावर तो शिजवून घ्यायचा. त्या शिजवण्याला कंपाइल करणं म्हणतात. डॅनियल रॉबिन्स नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९९९च्या सुमारास 'ईनॉक' या नावानं हा उद्योग सुरू केला, पुढं त्याचं जेंटू झालं आणि २००२ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. जेंटू हा एक पेंग्विन आहे आणि पेंग्विनांत तो सगळ्यात वेगानं पोहतो. सगळ्यात सावकाश बसणाऱ्या प्रणालीला हे नाव देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार. आणि योगायोग पाहा: कंपनी सरकारच्या काळात इंग्रज लोक आपल्याकडच्या हिंदूंनाच 'जेंटू' म्हणत. हॅलहेड नावाच्या साहेबानं हिंदूंच्या कायद्यावर १७७६ मध्ये ग्रंथ छापला, त्याचं नाव 'अ कोड ऑफ जेंटू लॉज'. म्हणजे मी काही परकं घरात आणत नव्हतो.

मुहूर्त लागला मे महिन्याचा. मे महिन्यात खामगावात शहाणी माणसं डोक्याला रुमाल बांधून कूलरसमोर पडून राहतात.

जुनं सगळं आधी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि ती डिस्क सुरक्षित म्हणून कपाटात हिच्या शालूखाली ठेवली. ज्या रोजनिशीसाठी हा सगळा खटाटोप, ती पुढचे तीन आठवडे बिनकुलपाची हिच्याच शालूखाली पडून होती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मग कुलूप. लिनक्समधल्या या कुलपाच्या पद्धतीला 'लक्स' म्हणतात. क्लेमेन्स फ्रुविर्थ या गृहस्थानं ती घालून दिली. आत सहसा एईएस नावाची गूढ लिपी वापरतात. ती योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन माणसांनी रचली आणि अमेरिकेनं २००१ मध्ये आपलं मानक म्हणून स्वीकारली. आता इतक्या थोरामोठ्यांनी हात लावलेल्या वस्तूत चूक करायला मी कोण? मी आज्ञा दिली. यंत्रानं उत्तर दिलं, की या डिस्कवर जे आहे ते कायमचं नष्ट होईल, नक्की ना? नक्की असेल तर मोठ्या अक्षरांत 'येस' लिहा. मी लहान अक्षरांत लिहिलं. त्यानं ते मानलं नाही. मी चष्मा पुसला, कॅपिटलची कळ दाबली आणि वाय, ई, एस ही तीन अक्षरं घाम पुसत लिहिली. इतकी खात्री माझ्या लग्नातसुद्धा कोणी करून घेतली नव्हती.

नंतर परवलीचं वाक्य. इथं माझा मराठी बाणा जागा झाला. इंग्रजीत वाक्य लिहिलं तर चोराला अंदाज येईल. शुद्ध मराठीत लिहावं, तेही ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून. जेंटूच्या ज्या पेनड्राइव्हवरून मी काम करत होतो त्यावर चित्रमय पडदा होता, तिथं मराठी कळफलक निवडता आला. लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. मौनव्रतात जप करावा तसं मी वाक्य दोनदा लिहिलं. यंत्रानं मान्य केलं.

पुढं हँडबुक. जेंटूचं हँडबुक हे अतिशय प्रामाणिक पुस्तक आहे. प्रत्येक पायरी सांगतं आणि चुकलात तर काय होईल तेही सांगतं. पूर्वीचे हौशी लोक 'स्टेज वन'पासून सुरुवात करत, म्हणजे चूल घालण्यापासून. आता 'स्टेज थ्री' घेतात, म्हणजे चूल आणि पातेलं मिळतं. मग 'यूज फ्लॅग' नावाची यादी करायची. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला सांगतो तशी: हे घाला, ते वगळा. नको त्या वस्तूच्या नावाआधी वजाबाकीची खूण करायची. मला तो अधिकार इतका आवडला, की मी पहिल्या दिवशी बऱ्याच वस्तू वगळल्या. आवाजही वगळला गेला. दुसऱ्या दिवशी तो परत घेतला.

मग शिजवणं सुरू झालं. पडद्यावरून इंग्रजी ओळी सरसर वर जात होत्या. शेजारचे गृहस्थ डोकावले.

"सर, काय करून राह्यले?"

"ब्राउझर बनवतोय."

"इकत नाई भेटत काय?"

"फुकट मिळतो."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "मंग काऊन बनवून राह्यले?"

याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. खरं म्हणजे आमच्या अंगणातच ते वाळत पडलं होतं. बाजारात कुरडया मिळतात, पापड मिळतात, सांडगे मिळतात. तरी ही दर उन्हाळ्यात गहू भिजत घालते, चीक काढते, आणि गच्चीवर कुरडया घालून मला काठी घेऊन राखणीला बसवते. का, असं मी कधी विचारलं नाही. तिनंही मला विचारलं नाही. आमच्यात एवढा समजूतदारपणा आहे.

एकाच वेळी चार कामं चालवायची असं मी यंत्राला सांगितलं होतं. थोड्या वेळानं त्यानं हात टेकले. भाचा म्हणाला, "मामा, प्रत्येक कामाला साधारण दोन जीबी मेमरी धरायची. तुमच्याकडे आहे एकूण चार. दोनच कामं द्या." म्हणजे छोट्या स्वयंपाकघरात चार आचारी शिरले होते आणि एकमेकांच्या कोपरानं पडत होते. दोन आचारी बाहेर काढले. स्वयंपाक दुप्पट लांबला. लॅपटॉप इतका तापला, की मी त्याला कूलरसमोर ठेवलं आणि आम्ही दोघं पंख्याखाली गेलो.

"पाहुणे कधी जाणार?" हिनं विचारलं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ गाव आहे. तिथं अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात, घटावर पापड-कुरडई ठेवतात. रात्री तिथं कोणी थांबत नाही. पहाटे जाऊन कुठलं धान्य हललं, कुठलं जागेवर राहिलं ते पाहतात आणि वर्षाचं पीकपाणी सांगतात. मी विज्ञानाचा मास्तर म्हणून त्याविरुद्ध वर्गात पुष्कळ बोललो आहे. तोच मी आता रोज रात्री यंत्र मांडून झोपत होतो आणि पहाटे पाचला चूळ न भरता पडद्यावरची शेवटची ओळ पाहून दिवसाचं भविष्य ठरवत होतो.

तिसऱ्या पहाटे पडदा काळा होता. रात्री केव्हातरी वीज गेली होती आणि म्हाताऱ्या बॅटरीनं दहा मिनिटांत प्राण सोडला होता. 'रिझ्यूम' अशी आज्ञा आहे खरी. पण तिचा अर्थ असा, की झालेल्या भाज्या झाल्या, अर्धवट शिजलेली भाजी मात्र पुन्हा चिरण्यापासून. आणि अर्धवट शिजलेली भाजी होती ब्राउझर.

पाचव्या दिवशी ब्राउझर झाला. मी भाच्याला अभिमानानं कळवलं. तो म्हणाला, "वा मामा! पण तुम्ही तयार पॅकेजं का नाही घेतली? २०२३च्या डिसेंबरपासून जेंटूवालेसुद्धा बरीचशी तयार देतात."

"आधी सांगायचं नाही का?"

"तुम्हीच म्हणालात, सगळ्यात अवघड ते हवं."

मी फोन ठेवला. शेजारच्या गृहस्थांना ही बातमी मी आजवर सांगितलेली नाही.

आता पेनड्राइव्ह काढून यंत्र आपल्या पायांवर उभं करायचं. सुरू केलं. काळ्या पडद्यावर विचारणा झाली: परवलीचं वाक्य द्या. मी मौनव्रतात वाक्य लिहिलं. चूक. पुन्हा लिहिलं. चूक. ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिहिलं. चूक. तेहतीस वर्षं मुलांची शुद्धलेखनं तपासणारा माणूस आपल्याच वाक्यात नापास होत होता. पाच दिवसांचं शिजवलेलं अन्न आत, आणि मी बाहेर.

मला आईची ट्रंक आठवली. आईची किल्ली कायम कमरेला असे. आई गेली त्या गडबडीत किल्ली कुठं गेली कळलं नाही. चौदाव्या दिवशी लोहाराला बोलावून कुलूप तोडलं. आत दागिना नव्हता. दोन लुगडी, वडिलांची पत्रं, आणि माझं पहिलीचं प्रगतिपुस्तक. ते तिनं पन्नास वर्षं कुलपात ठेवलं होतं आणि मला कधी बोलली नव्हती. त्या दिवशी लोहार नसता तर ते मला कधीच कळलं नसतं. आणि या कुलपाला जगात कुठं लोहार नाही. लोहार नाही, हाच तर त्याचा मोठेपणा.

भाच्यानं फोनवर रोग ओळखला. "मामा, वाक्य कुठल्या लिपीत?"

"अर्थात मराठीत."

"तिथंच चुकलं. डिस्क उघडण्याआधी जो छोटा प्रोग्रॅम चालतो, तो फक्त इंग्रजी कळफलक ओळखतोय. तुम्ही त्याच कळा दाबताय, पण त्याला इंग्रजी अक्षरं ऐकू येतायत."

म्हणजे घर मराठी माणसाचं आणि दारावरचा रखवालदार नुसता इंग्रजी जाणणारा. उपाय सोपा होता. पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू केलं, मराठी कळफलक लावला, मराठी वाक्यानं कुलूप उघडलं. उघडलं तेव्हा मी कूलरला नमस्कार केला. मग आणखी एक, साध्या इंग्रजी अक्षरांतलं वाक्य जोडलं.

"जोडलं? पहिलं राहिलं?" ही मागं उभी होती.

तिला समजावून सांगताना मलाच नीट समजलं. डिस्कची खरी किल्ली आपलं वाक्य नसतंच. ती किल्ली यंत्र स्वतःच यदृच्छेनं घडवतं आणि एका डबीत ठेवतं. आपलं वाक्य ती डबी उघडतं. जुन्या लक्समध्ये अशा आठ डब्या ठेवता येत, नव्यात बत्तीस. प्रत्येक डबीत तीच किल्ली, प्रत्येकीला वाक्य वेगळं. वाक्य बदललं म्हणून सगळी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही, नुसती डबी बदलते. आणि डबी मुद्दाम सावकाश उघडते, म्हणजे चोरानं लाखो वाक्यं लावून पाहायची म्हटलं तर त्याची हयात जावी.

"बत्तीस डब्या," ही म्हणाली. "आणि दोन्ही तुमच्याच?"

"हे चोरासाठी आहे."

"चोर तुमचं मराठी वाचणार आहे?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सासूबाईंच्या ट्रंकेला लोहार तरी होता."

हे मी मघाशी मनातल्या मनात म्हटलं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात मनातलं मनात ठेवण्याची सोय राहत नाही. मी खुर्चीवरून उठलो आणि तिला बसवलं. आधी माझं वाक्य दिलं. मग यंत्रानं नवं वाक्य मागितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"काय लिहू?"

"तू ठरव. लांब असावं, आणि विसरणार नाहीस असं."

"तुम्ही तिकडं तोंड करा."

मी कूलरकडे तोंड करून उभा राहिलो. एका बोटानं, टक टक, बराच वेळ वाक्य लिहिलं गेलं. मग खात्रीसाठी पुन्हा तितकाच वेळ. कुठंही अडखळणं नाही. ते वाक्य काय आहे, मला अजून ठाऊक नाही. बाहेरच्या डिस्कलाही असंच कुलूप घातलं, आणि डब्यांच्या त्या पानाची प्रत, ज्याला हेडर म्हणतात आणि जे बिघडलं तर कुठलंच वाक्य चालत नाही, ती एका वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन मोहरीच्या डब्यात ठेवली.

नोव्हेंबरात मी पुण्याला होतो. पेन्शनच्या कामासाठी एका कागदावरचा क्रमांक तातडीनं हवा होता. हिला फोन केला. "लॅपटॉप उघड. पहिलं वाक्य तुझं, आतला पासवर्ड तुला ठाऊक आहे." फाइल कुठं आहे ते सांगितलं. पाच मिनिटांत तिनं क्रमांक वाचून दाखवला. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या फाइलच्या शेजारीच रोजनिशी आहे.

भाचा म्हणाला होताच: "मामा, हे कुलूप यंत्र बंद असतानाच. एकदा उघडलं, की समोर बसलेल्याला सगळं खुलं."

चार दिवसांनी घरी आलो. ही काही बोलली नाही. पिशवी आठवणीनं आणली का, एवढं विचारलं. रात्री जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. तव्यावरची दुसरी भाकरी ताटात टाकताना ती म्हणाली, "अकोल्याला माझ्या ऑपरेशनच्या रात्री खानावळीत जेवलो म्हणून सांगितलं होतं तुम्ही."

मी ठेच्याकडे बघत राहिलो. त्या रात्री मी दवाखान्याच्या बाकावर बसून होतो. काय वाटत होतं ते घरी आल्यावर लिहिलं होतं. बोललो नव्हतो.

"खोटं बोलायचं तर लिहून ठेवू नये माणसानं," ती म्हणाली आणि भाकरीवर तुपाची धार जरा जास्तच सोडली. मग चुलीकडे वळून म्हणाली, "आणि माझ्या भावाबद्दल जे लिहिलंय ते बरोबर आहे. पण खोडून टाका."

अजून खोडलेलं नाही. कुलूप आहे म्हटलं.